सही घेणाऱ्यानं वाचायचं

धोंडिराममामा सरवदे चहासुद्धा आधी समोरच्याला प्यायला लावतात, मग स्वतः कप उचलतात. एकतीस वर्षं ते सोलापूरजवळच्या आमच्या गावचे कोतवाल. दवंडी द्यायची, सरकारी नोटिसा घरोघर पोचवायच्या, मोजणीला टेपचं दुसरं टोक धरायचं. मी तिथला तलाठी. माझ्यावर त्यांचा काडीचा भरवसा नाही, आणि खरं सांगतो, मला त्याचा राग यायचा.

त्यांची एक खोड होती. नोटीस घेणारा अंगठेबहाद्दर असो की वकील, अख्खी नोटीस मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय ते सही घ्यायचे नाहीत. एका आळीत चार नोटिसा असल्या की यांचा दिवस गेलाच म्हणून समजा.

यंदा वरून कागद आला. सगळ्या कोतवालांना सारखा पगार, सारखी रजा, पुढे पेन्शन. आसपासच्या गावांतल्या प्रत्येकाचं संमतीपत्र घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. सगळ्यांना चावडीवर बोलावलं, तर तेवीसपैकी बावीस जणांनी तासाभरात सह्या ठोकल्या. मामांनी कागद उजेडात धरून पाहिला आणि मला परत दिला.

"सही घेणाऱ्यानं वाचून दाखवायचं असतंय, भाऊसाहेब."

पाच पानं कोण वाचणार? मी म्हटलं, तुम्हाला वाचता येतं की. तर म्हणाले, मी वाचलं तर चूक माझी, तुम्ही वाचलं तर तुमची. मग आजोबांची गोष्ट निघाली. इंग्रजाच्या कचेरीत त्यांनाही असंच सांगितलं होतं म्हणे, आता सगळ्या गावकामगारांना सारखा रोख पगार, इथं अंगठा उठव. पगार सुरू झाला आणि वतनाची जमीन गेली.

पेन्शन त्यांना नको होती असं नाही. त्यांची मुलगी धम्मप्रिया नर्स आहे. म्हातारपणी तिच्यापुढे हात पसरायचा नाही, एवढा एकच ध्यास त्यांनी धरला होता. तरीही पंधरा दिवस ते हटले नाहीत. सरळ मिळणारी भाकरी लाथाडणारा माणूस, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवलं.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी मी तणतणत त्यांच्या घरी गेलो आणि ओट्यावर बसून वाचायला लागलो. भराभर, नुसतं उरकायचं म्हणून. चौथ्या पानावर सातवं कलम आलं : 'नियमित सेवा संमतीच्या दिनांकापासून गणली जाईल. त्यापूर्वीच्या सेवेवर हक्क सांगता येणार नाही.'

माझी जीभ अडखळली.

"पुन्हा वाचा," मामा म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. त्यांना निवृत्त व्हायला दोनच वर्षं उरली होती. दोन वर्षांच्या नोकरीवर कसली पेन्शन?

"म्हंजी एकतीस वर्सं पुसायची म्हणा की. तुमाला ठावं होतं?"

मी नाही म्हटलं, आणि ते खरंच होतं. मी लबाड नव्हतो. लबाड असतो तर निदान कागद तरी वाचला असता. मान वर करायची मला लाज वाटली.

त्यांनी विचारलं, बाकीच्यांचे कागद गेले का? ते माझ्याच पिशवीत होते, संध्याकाळी तहसीलला द्यायचे होते. मामांनी खुंटीवरची टोपी घेतली.

"गाडी काढा. संगप्पा कोतवालाच्या घरनं सुरवात करू. वाचायचं तुमीच, मी नुसता हुबा ऱ्हातो."

सही केल्यावर संगप्पा माझ्या पाया पडला होता.