शेजारच्या भिंतीवरची काच

शेजारच्या शिंद्यांच्या घराचा पाया खचला. माणसं आली, जमिनीला भोकं पाडून पंपाच्या नळीने पातळ सिमेंट आत सोडलं आणि तीन दिवसांत गेली. शिंदे ओट्यावर चहा पीत बसले होते. आमचा पाया खचला तेव्हा बाबा भिंतीखाली हात-हात खणून दगड बसवत होते, आई चार महिने गोठ्यात स्वयंपाक करत होती. भेगेवर बाबांनी काचेची पट्टी चिकटवली होती. पाया हलला की ती तडकते. दोनदा तडकली.

बाबांच्या कष्टांपेक्षा एक नळी सरस ठरली, हे मला पचत नाही.

काळजी दाखवत मीच शिंद्यांच्या भिंतीवर तशी पट्टी चिकटवून आलो. आता रोज सकाळी ती बघायला जातो.

“ठीक आहे ना?” शिंदे विचारतात.

“अगदी शाबूत,” मी म्हणतो, आणि परतताना त्यांच्या भिंतीलगत जरा जोरातच पाय आपटत येतो.