राखेनं घासलेल्या बाटल्या

श्री. चिमाजी बबन शेवकरी. वय बेचाळीस. शिक्षण दहावी, एक विषय शिल्लक. पदनाम क्षेत्रीय नमुना-संकलक. नेमणूक कंत्राटी, तात्पुरती, गेली सात वर्षे. कर्तव्ये : ठरल्या दिवशी, ठरल्या जागी, ठरल्या खोलीवरून तळ्याचे पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत पोचते करणे आणि सदर पाण्याविषयी कोणतेही मत न बाळगणे.

यातलं शेवटचं कर्तव्य चिमाजीला जड जात होतं, कारण चाकणजवळच्या त्याच्याच गावात तळी दोन. वरचं डोंगराच्या पोटाशी, तळ दिसेल इतकं नितळ. खालच्याच्या काठाला सोसायट्या उभ्या राहिल्या आणि त्यांचं सांडपाणी, प्रक्रिया झाली असं समजून, त्यात येऊ लागलं. त्यातल्या फॉस्फरसवर शेवाळ माजलं. गेल्या उन्हाळ्यात चिमाजीची म्हैस ते हिरवं पाणी प्यायली आणि चौथ्या दिवशी गेली. पंचनाम्यात कारण लिहिलं होतं, 'अज्ञात'.

पुढं तळ्यात फॉस्फरस किती चालेल हे ठरवायला समिती बसली. समितीचं म्हणणं साधं होतं : वरच्या तळ्यात निसर्गतः जेवढा आहे तेवढा खालच्यालाही चालावा. सहा महिने नमुने गेले आणि वरच्या तळ्याचा आकडा आला लिटरमागे एक दशांश मिलिग्रॅम, खालच्याहून जेमतेम कमी. म्हणजे मर्यादा त्याच्या आसपास ठरणार, हिरवं तळं कागदावर धडधाकट होणार आणि सोसायट्यांना नवं यंत्र बसवायला नको. गुरुवारी अकरा वाजता चिंचवडला त्यावर सह्या व्हायच्या होत्या.

त्या गुरुवारी साडेआठला चिमाजी बाटल्या घ्यायला मागच्या दारी आला. त्याची आई, ठकुबाई, मोरीवर बसून बंबाच्या राखेनं निळ्या टोपणाच्या दोन बाटल्या घासत होती. प्रयोगशाळेनं आम्लानं धुऊन दिलेल्या बाटल्या. लाल टोपणाच्या दोन तशाच बाजूला.

"आये, ह्या धुतल्या कशाला?"

"औषधाचा वास मारत्यात. साती आसरांचं पानी, देवीचं पानी, असल्या भांड्यात भरत्यात व्हय?"

"आन् लाल टोपणाच्या?"

"त्या खालच्या तळ्याच्या. तिथं आसरा न्हाईत आता. कवाच उठून गेल्या."

कधीपासून घासतेस, असं त्यानं विचारलं. तू बाटल्या घरी आणाय लागल्यापासनं, म्हणाली. म्हणजे सहा महिने.

चिमाजीनं भोसरीच्या प्रयोगशाळेतल्या इंदुताईंना फोन लावला. त्या बैठकीलाच निघाल्या होत्या. राख कशाची, किती दिवस, ते त्यांनी विचारून घेतलं. मग म्हणाल्या की राखेत फॉस्फरस असतो. बाटलीला चिमूट चिकटली तरी एवढा आकडा येतो. पण ऐकीव गोष्ट समितीपुढं ठेवता येत नाही, संकलकानं स्वतः सहीनिशी लिहून द्यायला हवं.

"लिहून दिलंस की करारातलं कलम नऊ लागतं, चिमाजी. नमुन्यात फेरफार, त्याच दिवशी सेवा समाप्त. मला तुला वाचवता येणार नाही."

"आणि न्हाई दिलं तर?"

"तर आकडा खरा आहे."

त्यानं गाडीला किक मारली. चाकणच्या चौकात कंटेनरची रांग, मोशीला एक ट्रेलर वळताना आडवा झालेला. दोन्हीकडचे लोक हॉर्न वाजवून त्याला धीर देत होते. चिमाजी गाडी फुटपाथवर चढवून पुढं काढत राहिला. चिंचवडला पोचला तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि सभागृहाचं दार लागलेलं.

बाहेरच्या बाकावर कागद मांडीवर घेऊन तो लिहू लागला. सोसायट्यांची सांडपाण्याची जुनी यंत्रं चालवायचं कंत्राट असलेला त्याचा चुलतभाऊ कुलदीप तिथंच बसला होता. त्यानं खांद्यावरून वाचलं आणि आधी हसला.

"एवढा आकडा सगळ्यांना परवडतोय, राव. तू कशाला मधी पडतोस?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि चुलतीचं नाव सरकारी कागदावर घालणार का भावा? म्हातारीला चौकशीला बोलवतील."

चिमाजीचं पेन थांबलं. आतून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला.

"नाव न्हाई घालत," तो म्हणाला. "बाटल्या माझ्या ताब्यात होत्या. राखेनं मी घासल्या."

सही करून त्यानं दार ढकललं. अध्यक्षांनी पेनचं टोपण काढलेलं होतं. इंदुताईंनी कागद त्याच्या हातातून घेतला आणि त्याच्याकडं न बघता मोठ्यानं वाचला.

इतिवृत्तात नोंद झाली ती अशी : 'नमुना-पात्रांच्या पारंपरिक स्वच्छतेमुळे उद्भवलेली विसंगती विचारात घेऊन निर्णय स्थगित.' फेरनमुने प्रज्वल नावाच्या नव्या संकलकानं भरले. वरचं तळं दोन शतांश निघालं आणि मर्यादा तीन शतांशावर ठरली. खालचं तळं त्याच्या चौपट भरतं. संकलकाने दाखवलेल्या सचोटीची समितीने प्रशंसापूर्वक दखल घेतली, असंही एक वाक्य त्यात आहे.

चिमाजी सध्या कुरुळीच्या एका गोदामात दुसऱ्या शिफ्टला खोकी बांधतो.