कोलंबीचं ताजीन

दादा, सत्त्याऐंशी साली भिवंडीत आपल्या टेमघरच्या नाक्यावर टॅक्सी उभी होती आणि आई माझ्या बॅगेत सुक्या जवळ्याची तिसरी पुडी कोंबत होती. ह्यांना मोरोक्कोत एका कापडगिरणीत लूम बसवायचं काम मिळालं होतं. आईला अक्षरओळख नव्हती. लेक लांब चालली, पत्र कोण वाचणार, म्हणून ती जास्तच रडत होती. तू म्हणालास, "तू पत्र टाक गो, मी वाचून दाखवीन तिला." केवढा आधार वाटला होता तुझा!

साफी गावात आमच्या गल्लीतच कुंभारांची भट्टी होती. दिवस खायला उठायचा, म्हणून मी तिथे जाऊन बसू लागले. मालकिणीने एक दिवस हातात ब्रशच दिला. ताजीन म्हणजे उथळ मातीचं भांडं, वर टोपीसारखं उंच झाकण. मंद आचेवर मासे त्यात आपल्याच वाफेत शिजतात. आम्ही बायका त्यावर निळी वेलबुट्टी काढायचो. वर्षभर माझा हात थरथरला. मग पहिलं बरं जमलेलं ताजीन मी आईसाठी ठेवलं आणि झाकणावर वेलीऐवजी आपल्या खाडीची कोलंबी काढली. भट्टीतल्या सगळ्या जणी हसल्या.

गिरणीतला आपल्याकडचा एक जण सुट्टीवर निघाला, त्याच्याबरोबर ते तुझ्याकडे धाडलं. सोबत पत्र होतं: रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, तेल चोळा, पहिल्यांदा आच अगदी बारीक. तू उत्तर दिलंस, "आईला फार आवडलं. दर रविवारी त्यातच रांधते." ते पत्र मी भट्टीभर दाखवत फिरले, येडी कुठली.

पाच वर्षांनी आले. ताजीन बुडाला काळंभोर झालं होतं, तेल पिऊन गुळगुळीत. मला भरून आलं. आई वाढता वाढता म्हणाली, "बग, दादानं आनलंय माझ्यासाठी, खास मुंबईशी. कोलंबी बग कशी काढलीय!"

मी तुझ्याकडे पाहिलं. तू मान खाली घालून कोलंबीत काटा शोधत होतास.

माझी पत्रं तू तिला वाचून दाखवत होतास, पण हवं तेवढंच. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "तू काय धाडलं न्हाईस म्हनून मी कंदी रागावले न्हाय गो. लांबचा मुलूख हाय." तिथल्या तिथे तुझं पितळ उघडं पाडता आलं असतं. पण मी पंधरा दिवसांत परत जाणार होते आणि तिला म्हातारपण तुझ्याच दारात काढायचं होतं. मी घास गिळला आणि आणखी वाढायला सांगितलं.

आता आई गेली, म्हणून लिहिते. भांडं मागत नाही. तिचा तुझ्यावर एवढा जीव असताना माझा वाटा कशाला घेतलास, ते मला अजून कळलेलं नाही. घर कुठलं विचारलं तर माझ्या तोंडून भिवंडीच येतं. पण तिकीट काढायला पाय उचलत नाही. त्या घरात आईने मला माफ केलंय, दादा. मी काही केलंच नव्हतं.