छावणीत राहून गेलेली गोष्ट

वाचनालयात पवारकाका टेबलांच्या मधून पावलं मोजत चालत होते, आणि माझं वर्तमानपत्रातलं लक्षच उडालं. काका लष्करातले निवृत्त हवालदार. हातात उघडं पुस्तक होतं: रोमन सैन्याने छावणी कशी टाकावी, हे शिकवणाऱ्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथाचं भाषांतर.

"काय चाललंय, काका?"

"छावणी आखतोय. हा खंदक, हा दरवाजा, हा सेनापतीचा तंबू. सगळं दिलंय बघा, पण संडास वाऱ्याच्या कुठल्या अंगाला खणायचा, ते नाही. लिहिणारा कधी तंबूत झोपलेला नाही!"

असली पुस्तकं म्हणे सम्राटाला अर्पण व्हायची, आणि लढाई न पाहिलेली बडी मंडळी ती सावलीत बसून वाचायची. पण एखादी प्रत सरहद्दीवरच्या ठाण्यातही पोचली असेलच ना? तिथे गुडघे दुखणाऱ्या एखाद्या जुन्या शिपायाने कुणी ती वाचून दाखवताना मांडीवर थाप मारली असेल, पोट धरून हसला असेल! ते हसणं कुणी लिहून ठेवलं नाही. मला मात्र ते आज काकांच्या बोलण्यात ऐकू आलं, आमच्या वाचनालयाच्या पंख्याखाली.

काकांनी समासात पेन्सिल टेकवली. ग्रंथपाल बाई धावत आल्या.

"काका, पुस्तकावर लिहायचं नाही!"

"अहो ताई, दोन हजार वर्षांत याला कुणी सांगितलंच नाही!"

बाईंनी ते पान वाचलं. काकांच्या पेन्सिलीकडे पाहिलं.

"टोक बोथट आहे हो," म्हणाल्या, आणि स्वतःची पेन्सिल पुढे केली.