पान्याची दोरी

दिव्यांच्या कामाला अवजारं किती लागतात, असं कुणी विचारलं की उजेडकाका म्हणायचे, "कमरेला बांधता येतील तेवढीच. बाकीची दुकानातच शोभतात."

त्यांना खरं नाव होतं, पण नाटकाच्या त्या थिएटरात ते कुणाच्या तोंडी नव्हतं. रंगमंचावरच्या आडव्या नळ्यांना दिवे टांगायचे, ते हवे तिथे वळवायचे आणि घट्ट करायचे, हे काम त्यांनी केस काळे होते तेव्हापासून केलं होतं.

साडूची नोकरी गेली तेव्हा बायकोनेच विषय काढला. तिच्या धाकट्या बहिणीचं घर बसायची वेळ आली होती. काकांनी मॅनेजरकडे शब्द टाकला आणि साडूला घेऊन स्वतः अवजारांच्या दुकानात गेले. तिथे शिरल्या शिरल्या साडूची नजर एका लखलखीत पेटीवर खिळली. आत म्हणाल ते होतं.

"वर चढायचंय की दुकान थाटायचंय?" काकांनी पेटी मागे सारली.

मग त्यांनी बोल्ट आवळायचे पाने मागवले. प्रत्येकाचा जबडा अर्धा उघडून कानाशी हलवला. खुळखुळला की बाजूला. दिव्याच्या पकडीचा सगळ्यात मोठा बोल्ट मावेल, पण मनगट दुखणार नाही, असा एक निघाला. त्याच्या दांड्याच्या टोकाला भोक होतं. "भोक नसेल तर फुकटही घ्यायचा नाही," काका म्हणाले. "दोरी कुठून ओवणार? खाली माणसं वावरतात." पक्कड, टेस्टर, स्क्रूड्रायव्हर आणि खिशात मावेल एवढी टॉर्च त्यांनी अशीच पारखून घेतली. तापलेला दिवा धरायला कातडी हातमोजे हवेत. ते घालून साडूला काउंटरवरचा एक बारका स्क्रू उचलायला लावला. तिसऱ्या जोडीत तो उचलता आला. तीच घेतली.

"साडूभाऊ, सख्ख्या भावानेही एवढं केलं नसतं," साडू म्हणाला. काकांना ते ऐकून बरं वाटलं होतं, लपवायचं कशाला.

काकांचा एक नियम होता. चढणाऱ्याने हात वर करून उभं राहायचं. खाली राहणाऱ्याने त्याच्या पट्ट्याची एकेक दोरी हिसका देऊन बघायची आणि "पक्कं" म्हणायचं. चढणाऱ्याने स्वतः बघायचं नाही. "आपली गाठ आपल्याला नेहमी चांगलीच दिसते," असं त्यावर काकांचं म्हणणं. साडूने काम भराभर उचललं आणि दोघांची जोडी जमली. काका चढत, साडू शिडी धरी, कधी उलटं.

मग मॅनेजरने एक मुख्य दिवेवाला नेमायचं ठरवलं. मान काकांचाच, असं सगळे धरून चालले होते. साडूही तसंच म्हणायचा.

त्याच सुमारास काकांच्या पान्याची दोरी विरली. "द्या, मी नवी बांधतो," साडू म्हणाला. दुसऱ्या दिवशी तालमीआधी काका हात वर करून उभे राहिले. साडू फोनवर बोलत होता. एका हाताने त्याने पट्टा चाचपल्यासारखं केलं आणि म्हणाला, "पक्कं." काका चढले.

वर बोल्ट सैल करताना पाना निसटला. दोरी पट्ट्यालाच लोंबत राहिली, गाठ सुटलेली. नटी नुकतीच जिच्यावरून उठली होती, त्या खुर्चीची बैठक फोडून पाना आरपार गेला. 

काका उतरले. मॅनेजरने दोघांना समोर उभं केलं. काका वाट बघत होते, साडू आता सांगेल. गाठ चुकली असेल, माणूसच आहे; दोघं मिळून बोलणी खाऊ.

"दोरी त्यांची त्यांनीच बांधली होती," साडू म्हणाला. "मी बघतो म्हटलं, तर घाईत होते. बघू दिलं नाही."

 ज्याला बोट धरून आणला, त्याने काकांचा केसाने गळा कापला होता, तोही इतक्या शांतपणे. त्या दिवसापासून काकांचं वर चढणं बंद झालं. ते कोठीत बसून दिव्यांची भिंगं पुसू लागले आणि मुख्य दिवेवाला साडू झाला.

घरी बायको ताट वाढता वाढता म्हणाली, "वय झालंय तुमचं. विसरला असाल गाठ. आता उकरून काढू नका. त्याची नोकरी गेली तर धाकटीने काय करायचं?"

काकांनी घास खाली ठेवला. "मी विसरलो असेन, तर त्याची नोकरी कशी जाईल?"

ती भाताचं भांडं घेऊन आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. म्हणजे तिलाही ठाऊक होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. ओरडायचं कुणाच्या नावाने? साडूपेक्षा तिचं हे गप्प राहणं काकांना जास्त लागलं. मग मात्र त्यांना स्वतःचाच संशय येऊ लागला. खरंच आपण घाई केली होती का? भिंगं पुसताना ते पुन्हा पुन्हा तीच सकाळ आठवत, आणि दर वेळी तिचा थोडा भाग पुसट होई.

एकदा साडूचा नवा जोडीदार आजारी पडला. शिडीपाशी कुणी नव्हतं, म्हणून काकांना कोठीतून बोलावलं. त्या दिवसानंतर दोघं प्रथमच समोरासमोर आले होते. साडूने मान वळवून हात वर केले. त्याच्या कमरेला दुकानात काकांनी पारखून दिलेला तोच पाना होता. काकांनी एकेक दोरी हिसका देऊन बघितली. पान्याची दोनदा बघितली.

"पक्कं," ते म्हणाले.

साडूने पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि थांबला. त्याचा हात कमरेकडे गेला. पक्कडीला नाही, टेस्टरला नाही, सरळ पान्याच्या दोरीला. त्याने ती गच्च ओढून बघितली. एकदा, मग पुन्हा.

चोराच्या मनात चांदणं. काकांच्या मनातला संशय तिथल्या तिथे फिटला. त्यांनी घाई केली नव्हती. त्यांनी हात वर केले होते आणि विश्वासाने उभे राहिले होते.

"मी बांधलेली नाही ती," काका म्हणाले. "तू बांधलीयेस. म्हणून बघतोयस ना?"

 दोरी मुठीत धरून साडू पहिल्याच पायरीवर उभा राहिला; त्याला वर जाववेना आणि खालीही उतरवेना.

"चढ," काका म्हणाले. "शिडी धरलीय मी."