अभनपुरात पास झालेल्या लाइनी

आमच्या रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या ऑफिसात किस्से जुन्या फ्लेक्ससारखे साठत जातात. फेकायला काढले की कोणी ना कोणी म्हणतंच, "राहू दे बे, पावसाळ्यात छपरावर टाकायच्या कामी येईल." मग पुन्हा गुंडाळी करून कपाटामागे!

ऑफिस म्हणजे बोरकर सरांची जाहिरात एजन्सी. मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती रायपूर आणि आसपासच्या गावांत करायच्या, हा धंदा. डोक्याची सगळी कामं माझा मोठा भाऊ मिलिंद करायचा. मी त्याला भैया म्हणायचो. मी आठवीत शाळा सोडली, म्हणून माझ्याकडे शिडी, दोरी आणि भोंगा लावलेला ऑटो.

मागच्या महिन्यात तापाचं निमित्त झालं आणि भैया गेला. त्याची खुर्ची अजून जागेवर आहे. तिच्यावर कोणी बसलं तर मी त्याला उचलून रस्त्यावर टाकीन, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे.

माझं डोकं असंच भडकतं. त्यावर भैयाचं एकच औषध होतं. भर दुपार असली तरी पाठीवर थाप मारून म्हणायचा, "झोप बे. सकाळी पाहू!"

*

एका सिमेंट कंपनीला अभनपुरच्या रस्त्यावरच्या भिंती रंगवून हव्या होत्या. मजबुती, टेक्नॉलॉजी, ग्रेड, सगळं भिंतीवर पाहिजे म्हणे. भैयानं ते सगळं उडवलं. वर मोठ्या अक्षरात घरमालकाचं नाव, 'रामाधीन साहू का घर', आणि खाली छोटं सिमेंटचं नाव. बस्स!

कंपनीचा ऑफिसर गाडीतून उतरला तोच ओरडत. "सीमेंट हमारा, और नाम साहूजी का?"

मी ब्रश टाकून बाह्या वर करत होतो. भैयानं मला मागे ओढलं आणि त्याला म्हणाला, "सर, एक दिवाळी जाऊ द्या."

दिवाळी गेली. दुसऱ्या कंपन्यांच्या भिंतींवर कोचिंग क्लासचे पोस्टर, पानाच्या पिचकाऱ्या. आमच्या भिंती चकाचक! साहूजी स्वतः फडकं घेऊन भिंत पुसायचे. कोणी पोस्टर चिकटवायला आला की काठी घेऊन मागे धावायचे. स्वतःचं नाव कोण घाण होऊ देईल?

मग एक म्हातारे गृहस्थ सायकल हाणत थेट ऑफिसात आले. "मेरा नाम कब लिखोगे भैया? मकान तो उसी सीमेंट से बना रहा हूँ!"

*

पंख्याच्या कंपनीला मे महिन्यात मोठं होर्डिंग लावायचं होतं. भैया म्हणाला, "उन्हात मान वर करून कोण वाचते?" त्यानं परवानगी काढून चौकातल्या सिग्नलवर हिरव्या जाळीचा मांडव घातला. खाली गार सावली, कोपऱ्यात पंख्याचं नाव. बांबू मी बांधले. हातांना फोड आले, पण काय दिसत होतं ते!

थोड्या दिवसांनी ट्रॅफिक हवालदार आमच्या ऑफिसात. मला वाटलं, गेलं काम.

"किसने बनाया ये?"

भैया उभा राहिला. हवालदारानं टोपी काढून घाम पुसला. "हरा होने पर भी कोई हिलता नहीं! अच्छा हुआ पंखा नहीं लगाया, नहीं तो लोग वहीं घर बसा लेते!"

*

कुकरच्या जाहिरातीला भैयानं शब्दच ठेवले नाहीत. ऑटोच्या भोंग्यातून फक्त कुकरची शिट्टी. मग थोडा वेळ शांत. मग पुन्हा शिट्टी.

मी ऑटो सदर बाजारातून आणला. तिथं कोण ऐकतो, सगळे हॉर्न वाजवून राहिले. तात्यापाऱ्याच्या गल्लीत शिरलो आणि गंमत झाली. शिट्टी झाली की बायका "अगं बाई, माझा गॅस!" म्हणत आत पळायच्या. बाहेर येऊन ऑटो पाहायच्या आणि हसायला लागायच्या.

शेजारच्या मेश्राम काकू मात्र हसल्या नाहीत. त्यांनी शिट्ट्या मोजून गॅस बंद केला होता. त्या आमच्या शिट्ट्या होत्या! पातेलं घेऊनच त्या आईकडे आल्या. "पाहा वो, तुमच्या पोट्ट्यांच्या पायी माही डाळ कच्ची राहिली!"

आईनं आम्हा दोघांना त्यांच्यासमोर झापलं. पुढच्या आठवड्यात काकूंच्या ओट्यावर त्याच कंपनीचा कुकर. भैयानं विचारलं, "काकू, काहून घेतला?"

"काहून म्हणजे? याची शिट्टी गल्लीच्या टोकावर ऐकू येते!"

*

आता भैयाची परीक्षा. जाहिरातीची कोणतीही लाइन पक्की करायच्या आधी तो बाजाराच्या दिवशी अभनपुरला जायचा. तिथं सुखबती बाई टमाटर आणि भाजी विकते. तिच्याजवळ पोत्यावर बसायचा, गप्पा मारायचा आणि मधेच एकदा लाइन बोलून टाकायचा. पुढच्या बाजारी पुन्हा जायचा. तोवर लाइन ऑफिसात कोणालाच सांगायचा नाही. सरांनाही नाही.

नियम एकच. विचारायचं नाही.

मी एकदा विचारलं. "दीदी, वो चायवाली लाइन याद है क्या?"

"हव," ती म्हणाली. म्हणजे हो.

मी खूश! भैयानं कपाळावर हात मारला. "विचारल्यावर सगळेच हव म्हणतात बे. तिले तिच्या कामासाठी लागली पाहिजे. तेव्हा ती स्वतःच बोलते."

कुलपाच्या कंपनीची लाइन होती, 'जा, मैं बैठा हूँ'. पुढच्या बाजारी आम्ही गुपचूप भेंडी निवडत बसलो. शेजारच्या कांदेवालीला पाणी आणायला जायचं होतं आणि ती दुकानाकडे पाहत घुटमळत होती. सुखबती बाई म्हणाली, "जा, मैं बइठे हँव!"

भैया जागच्या जागी उडाला. आनंदात त्यानं तिची वांग्यांची अख्खी टोपली उचलून आणली. आमच्या घरी वांग्याची भाजी, वांग्याचं भरीत, पुन्हा भाजी! आई म्हणाली, "तुही लाइन पास झाली, पण आमचं पोट नापास झालं!"

*

भैया शेवटचा अभनपुरला गेला तो गादीच्या कंपनीसाठी. परत आला तेव्हा अंग तापलं होतं, पण हसून राहिला होता.

"जमली," म्हणाला.

"काय हाय लाइन?"

"पुढच्या बाजारी कळेल."

तो पुढचा बाजार त्याला मिळाला नाही.

कंपनीनं थोडे दिवस थांबून पाहिलं, मग निरोप पाठवला की उद्या येतो, लाइन दाखवा. बोरकर सरांनी कॉम्प्युटरवर एक तयार करून ठेवली होती, 'आराम की नई परिभाषा'. प्रिंट माझ्या हातात आली आणि माझं डोकं सटकलं. मी ती चुरगाळून फेकली. "हे कोणाच्या तोंडात बसन? भैयाची लाइन लावा!"

सर चिडले नाहीत. तेच वाईट वाटलं. हळूच म्हणाले, "मले का ती नको हाय? पण काय होती ती? तुले माहीत हाय?"

मला माहीत नव्हतं. आईला नव्हतं. कोणालाच नव्हतं. त्याचं शेवटचं काम, आणि ते त्याच्यासोबतच गेलं होतं.

मग आठवलं. आज अभनपुरचा बाजार.

मी ऑटो काढला. सर मागून ओरडत होते, "संध्याकाळपर्यंत सांग! कंपनीले काय दाखवू मी?"

*

सुखबती बाईनं मला पाहिलं आणि पोतं सरकवून जागा केली. मी बसलो. विचारायचं नाही, विचारायचं नाही, असं मनात म्हणत टमाटर निवडायला लागलो. एक उचलायचो, एक ठेवायचो. फोन खिशात थरथरत होता. सरांचाच. मी उचलला नाही.

शेजारच्या कांदेवालीचा माल तसाच पडून होता. ती सारखी कुरकुर करत होती. आज काही विकलं नाही, आता कसं करू, उद्या कसं करू!

सुखबती बाईनं तिच्या पाठीवर थाप मारली. "सुत जा ओ. बिहनिया देखबो!"

झोप. सकाळी पाहू.

कांदेवाली भर उन्हात खुदकन हसली. माझ्या हातातला टमाटर खाली पडला.

बाईनं तो उचलून पदराला पुसला. "भैया नइ आइस?"

मी तोंड उघडलं.  पण डोळ्यांतून पाणीच वाहायला लागलं. ती माझ्याकडे पाहत राहिली, मग टमाटर खाली ठेवला आणि माझं डोकं आपल्या खांद्याला लावून घेतलं. तिनं पुन्हा विचारलं नाही.

फोन पुन्हा वाजायला लागला. मी कसाबसा काढला आणि हिरवं बटण दाबलं. सरांचा आवाज शेजारच्या दुकानापर्यंत ऐकू येत होता. "अबे हाय कुठं तू? भेटली का लाइन? कंपनीवाले फोनावर फोन करून राहिले! मी काय सांगू त्याईले? बोल ना बे!"

मी फोन हातात धरून नुसता हुंदके देत होतो.

सुखबती बाईनं माझ्या हातातून फोन ओढून घेतला.

"काबर चिल्लाथस साहेब?" ती म्हणाली. "सुत जा. बिहनिया देखबो!"

आणि पलीकडे सर ओरडायचं सोडून म्हणाले, "रुको बाई, लिख लेता हूँ!"