आभाराच्या फायलीतली तक्रार

आमच्या बेटांच्या राजधानीत, आपियाच्या शिक्षण खात्यात शाळा-तपासणीविरुद्धच्या तक्रारी फुआतिनो बघायची. एकोणीस वर्षं एकच टेबल, एकच उशी लावलेली खुर्ची. बाईला स्वस्थ बसता यायचं नाही आणि शेजारी मलाही बसू द्यायची नाही.

त्या शुक्रवारी साडेचारला मी पिशवी आवरत होतो, तेवढ्यात ही आभाराची फाइल घेऊन समोर उभी. सवाईई बेटावरच्या तोआ मास्तरांचं तीन पानी पत्र मीच त्यात लावलं होतं. का नाही लावणार? पानभर तपासनीस पेनिआतांच्या घराण्याचा गौरव, पुढं त्यांच्या विद्वत्तेचा. आमची वडीलधारी माणसं लिहितातच अशी. तिनं शेवटची ओळ माझ्या नाकासमोर धरली. पलोलोच्या सकाळी साहेब नऊलाच निघाले, पोरांच्या हातचं खाणं राहून गेलं, क्षमा असावी.

मी कपाळावर हात मारला. पलोलो म्हणजे वर्षातून एकदोन पहाटेच समुद्रातल्या खडकांतून वर येणारे, सुतासारखे हिरवे किडे, आमचं सगळ्यात आवडतं खाणं. त्या पहाटे अख्खं गाव जाळी घेऊन पाण्यात! पोरं शाळेत पोचणार दहाला. आणि पेनिआतांचा अहवाल काय? चौऱ्याहत्तरपैकी नऊ हजर, त्यातली चार पेंगत. त्या शेऱ्यावर शाळा बंद होणार होती, पोरांना रोज दीड तास बसनं दुसऱ्या गावी जावं लागणार होतं. तक्रारीची मुदत त्याच दिवशी पाचला संपत होती.

"गधड्या, ही तक्रार आहे," म्हणत ती आमच्या मोठ्या साहेबांच्या खोलीत घुसली. मी मागोमाग. पेनिआता तिथंच बसलेले. पत्र वाचून ते गालातल्या गालात हसले. यात तक्रार कुठंय, मास्तर तर माझं कौतुक करतायत, म्हणाले. मोठ्या साहेबांनाही पटलं. तक्रार असेल तर मास्तरांनी तसं तोंडानं सांगावं, म्हणाले.

फुआतिनोनं फोन लावला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. पाचला बारा मिनिटं कमी. पेनिआता समोर आहेत म्हटल्यावर मास्तरांनी त्यांच्या आजोबांपासून पुन्हा गौरव सुरू केला. माझा जीव वरखाली! अहो मास्तर, मुद्द्याचं बोला ना! फुआतिनो टेबलाची कड घट्ट धरून उभी होती, पण वडीलधाऱ्याला मध्येच तोडलं नाही तिनं. ते श्वास घ्यायला थांबले तेव्हा हळूच विचारलं, "मास्तर, त्या दिवशी पोरं किती आली?"



"सगळी आली, पेनिआतासाहेब," मास्तर म्हणाले. "प्रत्येकानं तुमच्यासाठी पानात बांधून पलोलो आणला होता. चौऱ्याहत्तर पुड्या. तुम्ही थांबला नाहीत."

मोठ्या साहेबांनी तक्रारीच्या रकान्यात ते शेवटचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं, शिक्का मारला आणि फेरतपासणीचा हुकूम काढला. पाचला दोन मिनिटं बाकी होती. मी आनंदानं फुआतिनोचा हात इतका दाबला की ती कळवळली.

पेनिआता खुर्चीवरून उठले.

"तपासायला दुसऱ्याला पाठवा," ते म्हणाले. "मी पोरांच्या हातचं जेवायला जातो."